शेवट छापायची काय गरज होती?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरात एक नियम आहे. रविवारी सकाळी चहा झाला की माझा नातू तुमची पुरवणी मला मोठ्यानं वाचून दाखवतो. पोरगं तेरा वर्षाचं, शाळा इंग्लिश मीडियम, सेकंड लँग्वेज कन्नड, म्हणजे मराठी घरात बोलतंय फाडफाड पण वाचताना जोडाक्षर आलं की गाडी अडते, म्हणून मी हा नियम केला आणि त्याच्या बदल्यात दुपारी दोघांनी मिळून एक पिक्चर बघायचा असं ठरलंय. गेल्या रविवारी पाळी माझी होती आणि मी ठरवलेला पिक्चर होता 'द प्रेस्टीज'. महिनाभर मी त्याला सांगालो होतो की असला पिक्चर दाखवतो की संपल्या संपल्या तू म्हणशील आजोबा परत पहिल्यापासून लावा.

आणि त्याच सकाळी तुमच्या सिनेमाच्या सदरात नेमका हाच पिक्चर. पोरगं खुश झालं, अडखळत अडखळत वाचायला लागलं, 'प्रतिस्पर्धी' ला दोनदा थांबलं, आणि तिसऱ्या परिच्छेदात तुमच्या लेखकानं शेवट सांगून टाकला. अर्धामुर्धा नाही, सगळा. दोन्ही जादूगारांचं गुपित, नावासकट. पोरगं वाचायचं थांबलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणालं, आजोबा म्हणजे तो... मी म्हटलं गप बस. पण आता गप बसून काय उपयोग, छापून घरात आलं होतं.

मी तक्रारखोर माणूस नाही हो. नळाला पाणी कधी येतंय त्यावर मी कधी पत्र लिहिलं नाही, पाट्यांवरचं नाव बदलून बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा पण लिहिलं नाही (तोंडात बेळगावच आहे, ते कोण बदलणार). पण ह्या बाबतीत मला राहवलं नाही, त्याला एक कारण आहे, ते पुढं सांगतो.

आधी ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी. २००६ चा पिक्चर, डायरेक्टर ख्रिस्तोफर नोलन. मी पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला कुकर आठवला, खरं सांगतो. लंडन, एकोणिसावं शतक संपत आलेलं, दोन तरुण जादूगार एकाच उस्तादाच्या हाताखाली काम करतात. एक अँजियर, ह्यू जॅकमन, दिसायला राजबिंडा, स्टेजवर कसं उभं राहायचं ते त्याला उपजत कळतं. दुसरा बोर्डन, ख्रिश्चन बेल, ह्याला जादू येते पण ती विकता येत नाही. अँजियरची बायको पाण्याच्या टाकीच्या खेळात बुडून मरते, हाताला गाठ बोर्डननं मारलेली असते, आणि नंतर अँजियर विचारतो कुठली गाठ मारली होतीस, तर हा म्हणतो मला माहीत नाही. बस, तिथून सुरू. अँजियर बोर्डनच्या बंदुकीच्या खेळात वेश बदलून जातो आणि त्याची दोन बोटं उडवतो, तो ह्याच्या पक्ष्याच्या खेळाची भर थिएटरात वाट लावतो, मग ह्याची माणसं तो फोडतो, त्याची डायरी हा चोरतो. शेवटी बायको का मेली हे पण बाजूला राहतं, राहतं फक्त एकच, त्यानं ते केलं कसं. इथपर्यंत मी सांगितलं, ह्याच्या पुढं एक शब्द सांगणार नाही, आणि बघा साहेब, एवढ्यातच पिक्चर बघावासा वाटतोय की नाही? मग शेवट कशाला पाहिजे होता?

पिक्चरच्या सुरुवातीलाच मायकेल केन सांगतो की प्रत्येक जादूचे तीन भाग असतात. आधी एक साधी वस्तू दाखवायची, पक्षी म्हणा पत्ता म्हणा माणूस म्हणा. मग ती गायब करायची. पण नुसतं गायब केल्यावर लोक टाळ्या वाजवत नाहीत, ती वस्तू परत आणायला लागते, तो तिसरा भाग, त्यालाच त्या पिक्चरमध्ये प्रेस्टीज म्हटलंय. तिसरा भाग आला नाही तर काय होतं त्याचं खरंखुरं उदाहरण आहे. आपले पी. सी. सरकार १९५६ साली लंडनला बीबीसीच्या टीव्हीवर पोरीला करवतीनं कापायचा खेळ करत होते, कापून झालं, आणि पोरीला उठवून दाखवायच्या आतच प्रोग्रामची वेळ संपली. लोकांना वाटलं पोरगी खरंच मेली, बीबीसीचे फोन वाजून वाजून जाम झाले. म्हणजे तिसरा भाग नसला की जादू नाही, खून आहे. आणि तुमच्या लेखकानं काय केलं, तिसरा भाग आधीच हातात दिला आणि वर लिहिलं की हा सिनेमा प्रत्येकानं आवर्जून पाहावा. कशाला पाहावा ओ?

ह्या पिक्चरमधलं मला सगळ्यात जास्त लागलेलं एक दृश्य आहे, शेवटचं नाही, मधलं आहे म्हणून सांगतो. अँजियर आपल्यासारखा दिसणारा एक दारुडा नट शोधून आणतो. खेळ असा की अँजियर एका दारातून आत जातो आणि स्टेजच्या खाली पडतो, आणि लांबच्या दुसऱ्या दारातून तो दारुडा बाहेर येऊन टाळ्या घेतो. वर लोक वेडे झालेत आणि हा खाली अंधारात गादीवर, आणि तिथंच उभा राहून, कुणी बघत नसताना, वाकून सलाम करतो. मी ते बघितलं आणि मला आमचं १९८१ आठवलं.

आता कारण सांगतो. १९८१ ला मी सतरा वर्षाचा होतो. घर शहापुरात, घरात माग, वडील मागावर, शाळेत मी दोनदा गचकलेला. गावात एक फिरता जादूगार आला, तीन आठवडे मुक्काम, रोज दोन खेळ, रविवारी तीन. त्यांचा एक पोरगा पळून गेला होता आणि त्यांना बारीक अंगाचा कोणीतरी पाहिजे होता, वायरिंग जोडायला म्हणून मी गेलो आणि मालकांनी मला वरून खाली बघितलं आणि म्हणाले वायरिंग राहू दे, ह्या पेटीत बसून दाखव. बसलो. नोकरी लागली.

पेटीत काय होतं ते मी सांगणार नाही. बायकोला सांगितलं नाही, चाळीस वर्ष झाली. एवढं सांगतो की आत डांबराच्या गोळ्यांचा वास असायचा, मे महिना होता, घामानं शर्ट पाठीला चिकटायचा, खोकला आला तर मूठ तोंडात घालायची, आणि वर टाळ्या पडल्या की पत्र्यावर वळवाचा पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. त्या टाळ्या मालकांच्या. पहिले दोन दिवस मजा वाटली, मग मला राग यायला लागला. आमची आई आणि बहिणी खेळाला आल्या होत्या, तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, आणि घरी येऊन आई म्हणाली तू कुठं दिसलाच नाहीस, नुसता पडदा ओढतोस काय रे? मी म्हटलं हो, पडदा ओढतो. तो अँजियर अंधारात वाकला तेव्हा मला ते आठवलं.

तुमच्या लेखकानं असं पण लिहिलंय की असली जीवघेणी ईर्षा पाश्चात्त्य मनोवृत्तीत असते, आपल्या मातीत नाही. हे वाचून मला हसू आलं. आमचा जो पोरगा पळाला होता म्हटलं ना, तो पळाला नव्हता, हुबळीला तेव्हा दुसऱ्या एका जादूगाराचा मुक्काम होता, त्यानं पैसे देऊन फोडला होता, आणि आमचा एक खेळ पंधरा दिवसात तिकडं लागला. आमच्या मालकांना कळलं तेव्हा ते जेवायचे बंद झाले. तीन रात्री सुताराला घेऊन बसले, पेटी मोडून नवी केली, बायको तापानं फणफणली होती लॉजवर, तिला बघायला गेले नाहीत. मला म्हणाले त्याच्यापेक्षा अर्धा मिनिट कमी लागलं पाहिजे. अर्धा मिनिट कमी केलं आम्ही. तिकीट विकत घेऊन आलेल्यातल्या एकाला तरी तो अर्धा मिनिट कळला असेल काय?

हां, आपल्याकडं दुसरी बाजू पण आहे, ती नाकारत नाही. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोघांच्या दोन कंपन्या, केशवरावांची ललितकलादर्श तर इथं हुबळीत १९०८ ला सुरू झालेली, दोघांचे भक्त एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत, आणि १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी एकत्र 'मानापमान' केलं. असं पण होतं. लंडनला झालं नाही. तिथं चिंग लिंग फू म्हणून खरा चिनी जादूगार होता आणि त्याची नक्कल करणारा चुंग लिंग सू, जो चिनी नव्हताच, रॉबिन्सन नावाचा अमेरिकन होता. १९०५ ला दोघांचा समोरासमोर सामना एका पेपरच्या ऑफिसात ठरला आणि खरा चिनी आलाच नाही, नकली जिंकला. हा रॉबिन्सन वर्षानुवर्षं लोकांपुढं इंग्लिश बोलायचा नाही, दुभाष्या ठेवायचा. १९१८ च्या मार्चमध्ये लंडनच्या वुड ग्रीन एम्पायर थिएटरात बंदुकीची गोळी पकडायचा खेळ करताना बंदुकीत बिघाड झाला, खरीच गोळी सुटली आणि छातीत लागली, तेव्हा पहिल्यांदा स्टेजवर इंग्लिश बोलला, पडदा पाडा म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेला. नोलननं पिक्चरमध्ये हे नाव वापरलंय पण तिथं तो म्हातारा चिनीच दाखवलाय, काचेचं मोठं भांडं झग्याखाली पायात धरून चालता यावं म्हणून आयुष्यभर लंगडा असल्याचं नाटक करणारा, घरी रस्त्यात कुठंपण. बोर्डन त्याच्याकडं बघून म्हणतो की खरी जादू ही, चोवीस तासाची. ते वाक्य लक्षात ठेवा एवढंच सांगतो, जास्त नाही.

एक पक्ष्याचं पण आहे. पिंजऱ्यासकट पक्षी गायब करतात आणि परत आणतात, टाळ्या पडतात, एक लहान पोर रडायला लागतं की ह्यानं पक्षी मारला. बोर्डन त्याला जिवंत पक्षी दाखवतो. त्यावर ते पोर काय विचारतं ते मी इथं लिहिणार नाही, तुमच्या लेखकानं लिहिलंय. हा संशय लंडनच्या लोकांना खरोखर होता, १९२१ ला कार्ल हर्ट्झ नावाच्या जादूगाराला पार्लमेंटच्या कमिटीपुढं हा खेळ करून पक्षी जिवंत आहे हे दाखवायला लागलं होतं. दाखवला त्यानं. कसं केलं ते मात्र सांगितलं नाही.

कोणीतरी म्हणणार की जादूचं गुपित फोडायलाच पाहिजे, अंधश्रद्धा वाढते. मी दाभोलकरांना मानणारा माणूस आहे. हातातून अंगारा काढणाऱ्या बाबाचं बिंग अंनिसवाले फोडतात ते बरोबरच आहे, कारण बाबा म्हणतो माझ्यात देव आहे आणि तुमची बायको, जमीन, पोरगं सगळं त्याच्या पायावर घाला. जादूगार म्हणतो मी फसवणार आहे, तिकीट अमुक रुपये. आपण खुशीनं पैसे देऊन फसायला जातो. त्या दोघांना एका तागडीत घालू नका.

आता मुद्द्याचं. साहेब, माझी मागणी मोठी नाही. रहस्य असलेल्या सिनेमावर जरूर लिहा, पिक्चरमध्ये टेस्ला म्हणून विजेचा शास्त्रज्ञ आहे त्याच्यावर लिहा, डेव्हिड बोवीनं केलाय तो, त्या टेस्लाची खरी प्रयोगशाळा १८९९ ला कोलोरॅडोला होती, केवढं लिहिण्यासारखं आहे. पण शेवट सांगायचाच असेल तर लेखाच्या डोक्यावर ठळक अक्षरात एक ओळ टाका, पुढं शेवट सांगितलाय, ज्यांनी बघितला नाही त्यांनी पान उलटा. एका ओळीला किती जागा लागते? तेवढी तर तुम्ही शुभेच्छांच्या जाहिरातीत एकेका फोटोखाली देता.

आमचे मालक नंतर एकदाच भेटले. मी तोपर्यंत इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं होतं. बॅटरी दुरुस्त करायला म्हणून एक म्हातारा आला, हात कापालते, मी ओळखलं पण बोललो नाही, त्यांनीच बराच वेळ बघून विचारलं, पेटीतला काय रे तू? मी हो म्हटलं. चहा मागवला. चहा होईपर्यंत काही बोलले नाहीत आणि मग बशी खाली ठेवून एवढंच विचारलं, कुणाला सांगितलंस? मी म्हटलं नाही. मान हलवली आणि गेले, बॅटरीचे पैसे मी घेतले नाहीत.

ही गोष्ट मी गेल्या रविवारी पोराला सांगितली, त्याचं तोंड पडलं होतं म्हणून. पिक्चर आम्ही बघितलाच नाही, तो म्हणाला आता काय मजा. गोष्ट ऐकून मात्र एकदम सरसावून बसला आणि म्हणाला, मग आजोबा, तुम्ही पेटीत कसं बसत होता? मी म्हटलं ते नाही सांगणार. तेव्हापासून तोंड फिरवून बसलाय, आणि म्हणतोय की सांगितल्याशिवाय येत्या रविवारी पेपर वाचणार नाही.

आपला एक जुना वाचक,
शहापूर, बेळगाव