आई-बाबांना पत्र: निबेविषयी थोडे सविस्तर

हायडेलबर्ग, जर्मनी

तीर्थरूप आई व बाबा यांस साष्टांग नमस्कार.

बाबा, बँकेचा अर्ज भरताना तुमचा अंगठा दुखू लागला आणि शेवटच्या ओळी शेजाऱ्यांकडून लिहून घ्याव्या लागल्या, हे आईने सांगितल्यापासून मी या पार्सलाच्या तयारीत होते. त्यात शाईची दोन पेने आहेत, एक तुमच्यासाठी आणि एक आईसाठी, आणि सोबत एक सुटी निब आहे. फोनवर हे सांगायला गेले की आई ‘खर्च कशाला केलास’ येथेच अडते आणि मूळ मुद्दा राहून जातो, म्हणून लिहीत आहे. मूळ मुद्दा असा की पेन कोणते हे नंतर पाहावे. हात कसा आहे, लिपी कोणती आहे आणि कागद कसा आहे हे पाहून आधी निब निवडावी. तशी ती निवडली, तर दुखऱ्या अंगठ्यालाही लिहिणे पुष्कळ सुसह्य होते.

बॉलपेनाच्या टोकातली गोळी कागदावर दाबून फिरवली तरच त्यातली घट्ट शाई खाली उतरते, म्हणजे प्रत्येक अक्षरामागे थोडी ताकद खर्च होते. शाईच्या पेनात ती लागत नाही. निबेच्या मधोमध जी चीर असते तिच्यातून पातळ शाई केशाकर्षणाने टोकापर्यंत आलेलीच असते आणि टोक टेकताच कागद ती ओढून घेतो. निबेखालच्या जिभेचे काम याहून नाजूक आहे: जेवढी शाई बाहेर जाईल तेवढी हवा तिने आत घ्यायची, म्हणजे शाई अडतही नाही आणि भळाभळा सांडतही नाही. पोटात शाई बाळगणारे पेन पॅरिसमध्ये शिकणाऱ्या पेत्राके पोएनारू या रुमानियन तरुणाने १८२७ मध्येच पेटंट करून घेतले होते. परंतु शाईला भरवशाचा लगाम घातला तो न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी, आणि त्यांचे १८८४ चे पेटंट याच जिभेचे आहे. तुमच्या सदऱ्याच्या खिशाला निळे डाग पडत आणि आई चिडत असे, त्याचे कारणही येथेच आहे. ड्रॉपरने भरायच्या पेनाची टाकी निम्मी रिकामी झाली की उरलेल्या जागेतली हवा अंगाच्या उबेने फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. तो दोष पेनाचा नव्हता आणि तुमचाही नव्हता. निम्मी शाई संपताच पेन पुन्हा भरून घेणे हाच त्यावर उपाय होता.

मी ज्या गावात संसार थाटला ते निबांचे गाव आहे, हे मला इथे आल्यावरच कळले. लॅमी या पेनांच्या कंपनीचा कारखाना १९३० पासून इथला. कावेको ही दुसरी पेन-कंपनी आता न्यूरेंबर्गला असली, तरी तिची सुरुवात १८८३ मध्ये हायडेलबर्गलाच झाली. बोक या कंपनीचे नाव तर तुम्ही ऐकले नसेल, कारण ती १९३९ पासून मुख्यतः दुसऱ्यांच्या पेनांसाठी निबा बनवत आली आहे. पेनावर नाव एकाचे आणि निब बोकची, असे जगभर चालते. आपल्याकडे लेथवर हाताने घडवलेल्या काही एबोनाइटच्या पेनांतही हीच निब असते. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी गांधीजींसाठी जे स्वदेशी पेन घडवले आणि ज्याबद्दल गांधीजींनी १९३५ मध्ये पत्र पाठवून समाधान कळवले, ते याच जातीचे.

निब सोन्याचीच हवी, असे तुम्ही म्हणाल हे मला ठाऊक आहे. निबेवर ‘५८५’ कोरलेले असते म्हणजे हजारात ५८५ भाग सोने, चौदा कॅरट. पूर्वी सोने वापरत ते थाटासाठी नव्हे, तर त्या काळच्या आम्लयुक्त शाईने साधे पोलाद गंजत असे म्हणून. सोने मात्र मऊ. कागदावर घासून ते झिजू नये यासाठी टोकाला कठीण धातूचा बारीक मणी जोडत, आणि त्याला आजही सगळे इरिडियम म्हणतात, जरी आता त्यात बहुधा रुथेनियम, ऑस्मियम, टंगस्टन यांची मिश्रणे असतात. पोलादी निबेलाही तोच मणी असतो आणि कागदाला स्पर्श करतो तो मणीच. आजचे पोलाद चांगले असते, तेव्हा सोन्याचे अधिकचे पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. तुमचे लॅमी सफारी पोलादी निबेचेच आहे. अंगाने ते हलके आहे आणि बोटे टेकण्याच्या जागी त्याला सपाट खाचा आहेत, त्यामुळे ते आवळून धरावे लागत नाही.

निबेवर ‘एफ’, ‘एम’, ‘बी’ अशी अक्षरे असतात ती बारीक, मध्यम आणि जाड टोकाची. या तिन्हींची टोके गोल घासलेली असल्यामुळे रेघ उभी काढा वा आडवी, जाडी जवळजवळ सारखीच येते. तुमच्या पेनाला मी मध्यम निब बसवली आहे. बारीक टोक कागदाचा सगळा खरबरीतपणा हाताला जाणवून देते आणि हाताची थरथर कागदावर जशीच्या तशी उमटवते. मध्यम टोक दोन्ही सांभाळून घेते. पेनवाले ज्यांना लवचीक म्हणतात, दाब दिला की ज्यांची दोन पाती फाकतात आणि रेघ रुंदावते, त्या निबा मी मुद्दामच पाठवल्या नाहीत. त्यांना हलका आणि स्थिर हात लागतो. तहसील कचेरीत तुम्ही कार्बन घालून प्रती काढत असा, त्या कामासाठी विलायती कंपन्या याच्या अगदी उलट, मुळीच न लवणाऱ्या निबा बनवत आणि त्यांना मॅनिफोल्ड म्हणत. कार्बनची ती दाबून लिहिण्याची सवय आता मात्र सोडावी लागेल. या पेनाला स्वतःच्या वजनाहून अधिक भार नको.

सुटी निब आहे ती १.१ मिलिमीटर रुंदीची, चपट्या टोकाची. तिला स्टब म्हणतात, आणि खरे सांगायचे तर माझा जीव तिच्यातच अडकलेला आहे. चपटे टोक उभे ओढले की पूर्ण रुंदी कागदावर उतरते आणि आडवे ओढले की नुसती कड उतरते. त्यामुळे हिने लिहिलेल्या मराठीत काना ठसठशीत येतो आणि शिरोरेघ बारीक. याच्या नेमके उलट लिहिणारी आर्किटेक्ट नावाची निबही असते. तिचे टोक उभ्या पात्यासारखे घासलेले असते, म्हणून शिरोरेघ जाड आणि काना बारीक. जाड शिरोरेघेने एकेकटा शब्द फार देखणा दिसतो, परंतु तशा अक्षरांचे अख्खे पान समोर आले की डोळ्यांना आडव्या पट्ट्याच अधिक दिसू लागतात. म्हणून मी पत्राला स्टब आणि पाकिटावरच्या पत्त्याला आर्किटेक्ट वापरते. रोमन लिपीत हा प्रश्न इतका तीव्र नाही, कारण तिथे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावरून रेघ जात नाही. निबांविषयी जे काही लिहिले जाते ते बहुतेक रोमन हात डोळ्यांसमोर ठेवून, तेव्हा आपल्या लिपीसाठी काय चालते हे आपण स्वतः लिहूनच पाहावे लागते.

तुम्ही शाळेत बोरूने कित्ता गिरवला असल्यामुळे तुम्हाला यात फारसे नवे वाटणार नाही. बोरूचे टोक तिरके छाटतात, आणि देवनागरीसाठी तो काप रोमन सुलेखनाच्या कापाच्या उलट बाजूचा असतो, त्यामुळे जाड आणि बारीक रेघांच्या जागा बदलतात. जर्मनीत पूर्वी कारखान्यातूनच तिरप्या टोकाच्या निबा मिळत. त्यांच्यावर ‘ओएम’, ‘ओबी’ अशी अक्षरे असतात आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात त्या अजूनही सापडतात. त्या रोमन हातासाठी घासलेल्या असल्यामुळे माझ्या मराठी अक्षराला मानवत नाहीत, तरीही माझ्या डब्यात आहेत. एकदा संग्रह म्हटला की उपयोगाचा हिशेब कोण ठेवतो!

आई, तुझे पेन जपानी आहे, पायलट कंपनीचे काकुनो. ते मुलांसाठी काढलेले असून त्याच्या निबेवर हसरा चेहरा कोरला आहे; तो चेहरा तुझ्याकडे पाहत असला की पेन बरोबर धरले आहे असे समजावे. पोरकट वाटेल, पण निब फार गुणी आहे. जपानी ‘एफ’ युरोपीय ‘एफ’पेक्षा बारीक असतो, कारण त्यांना एवढ्याशा चौकटीत पुष्कळ रेघांचे अक्षर बसवायचे असते. तुझ्या लिखित जपाच्या वहीतल्या बारक्या रकान्यांत ‘श्रीराम जय राम जय जय राम’ लिहिताना जाड निबेने ‘श्री’ची गाठ भरून जाते, हिने तसे होणार नाही. शिवाय बारीक निब शाई कमी सोडते, म्हणून त्या वहीच्या पातळ कागदावर शाई फुटणार नाही आणि मागच्या पानावरही उतरणार नाही.

तुमची नात डाव्या हाताने लिहिते याची तू काळजी करतेस, म्हणून तेही लिहिते. इथे बऱ्याच शाळांत मुलांच्या हाती अजून शाईचे पेन देतात. पेलिकानने तर १९६० मध्ये खास शाळकरी मुलांसाठी पेलिकानो काढले. डावखुऱ्यांची निब वेगळी मिळते. उजव्या हाताने लिहिणारा टोक ओढत नेतो, डावखुरा ते पुढे ढकलत नेतो, म्हणून ते कागदात रुतू नये असे घासलेले असते. तिच्या वर्गात कोणी हात बदलायला सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. रविवारी ती मराठी लिहिते तेव्हा शिरोरेघ तिला ढकलतच न्यावी लागते आणि तिथे अजून अडखळते. म्हणून सध्या ती आधी रेघ काढून घेते आणि मग तिला अक्षरे लटकवते. बाबा, हे तुमच्या शिस्तीत बसणारे नाही, पण अक्षर स्वच्छ येते. तिला सर्वांत प्रिय आहे ते शाई पुसणारे पेन. ते निळ्या शाईच्या रंगद्रव्याची रचनाच बदलून टाकते, त्यामुळे शाई कागदावर राहूनही दिसत नाही. हे फक्त धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईवर चालते, काळ्यावर नाही.

शाई मी पाठवलेली नाही. बाटली विमानातून पाठवण्याची कटकट नको होती, आणि गरजही नाही. दोन्ही पेनांत कन्व्हर्टर बसवला आहे, म्हणजे मागची छोटी नळी फिरवून बाटलीतून शाई ओढता येते. कोपऱ्यावरच्या दुकानातली कॅमलची रॉयल ब्लू उत्तम चालेल. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासूनच तो धंदा सुरू केला होता. २०११ पासून कंपनीचा ताबा जपानच्या कोकुयोकडे आहे, तेव्हा आईच्या पेनाची आणि त्या शाईची आता सोयरीकच म्हणायची. अर्जावर किंवा बँकेच्या कागदावर सही करायची असेल तेव्हा मात्र पाण्याने न पुसणारी शाई घ्यावी, कारण रॉयल ब्लूवर पावसाचा एक थेंब पडला तरी अक्षर पसरते. काजळी आणि डिंकाची बोरूची शाई या पेनांत कधीही भरू नये. तिचे कण जिभेच्या बारीक खाचांत बसतात आणि पेन कायमचे बंद पडू शकते.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची विनंती. ही पेने कपाटात, साडीच्या घडीखाली, ‘चांगल्या कामासाठी’ म्हणून ठेवू नयेत. मागे पाठवलेल्या शालीचे काय झाले ते मला माहीत आहे. शाल नुसती पडून राहते, पेनाचे तसे नाही: न लिहिता ठेवले तर पाणी उडून जाते, शाई चिरेत वाळते आणि मग तुम्ही म्हणाल की पेन बिघडले. रोज चार ओळी लिहिल्या तर काहीच करावे लागत नाही. महिन्यातून एकदा साध्या थंड पाण्याने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत, भरून-रिकामे करावे. गरम पाणी आणि साबण नको. चालू करताना अडले तर झटकू नये, भिंतीवर नवा रंग आहे. टोक ओल्या फडक्याला क्षणभर टेकवले की पुरते.

बाबा, मध्यम निबेने आठवडाभर लिहून झाले की स्टब लावून पाहा. जुनी निब टोकाकडे सरळ ओढली की निघते आणि नवी तशीच सरकवायची. निसटत असेल तर चिकटपट्टीचा तुकडा निबेवर लावून ओढावी. मग एकाच कागदावर दोन्ही निबांनी तोच मजकूर लिहून मला पोस्टाने पाठवा, आणि अंगठा कोणत्या निबेने कमी दुखला ते खाली लिहा. फोटो पाठवू नका, त्यात शाईची छटा आणि रेघेची कड कळत नाही. आईनेही त्याच कागदावर तिच्या पेनाने एक ओळ लिहावी. रेघ फार कोरडी वाटत असेल तर तसे कळवा, इथे निब जुळवून देणारा एक म्हातारा कारागीर माझ्या ओळखीचा आहे. डिसेंबरात मी येईन तेव्हा पेन सोबत घेऊन जाईन.

तब्येतीस जपावे.

तुमची लेक