बालशिक्षणाचा सराव पाड्यावरच हवा

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांतच बालशिक्षणाचा अभ्यासक्रम असावा, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख पटला. मात्र त्यात प्रात्यक्षिकाचा मुद्दा एका ओळीत उरकला आहे आणि खरी मेख तिथेच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा, तर त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला त्याहून कितीतरी जास्त वेळ मिळतो. तो नोट्स आणि तक्त्यांत जाऊ नये (तक्ते रंगवून घेण्यात आपली महाविद्यालये तरबेज आहेतच!). चार वर्षांचे मूल पाने रंगाप्रमाणे लावता लावता मध्येच आकाराप्रमाणे लावू लागते. अशा वेळी बाईंनी गप्प राहायचे की काही विचारायचे, हे बाकावर बसून कळत नाही.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला (आताच्या पालघर जिल्ह्यात) बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावर नेली. असा सराव करायला नाशिककरांना जिल्ह्याबाहेर जायला नको. पेठ-सुरगाण्यातली कित्येक मुले घरी कोकणा बोलतात, मालेगावातली उर्दू, सटाण्याकडची अहिराणी. प्रत्येक सत्रात काही आठवडे विद्यार्थ्यांना तिथल्या अंगणवाड्यांत पाठवावे आणि प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण सेविकेच्या हाती द्यावेत. या कामाचे मानधन मात्र तिला वेगळे मिळावे. तिच्या डोक्यावर नोंदवह्यांचा भार आधीच पुरेसा आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड