बेलग्रेव्हच्या गल्लीत कोण राहते?

लेस्टर,
इंग्लंड, नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचे पत्र मिळाले. लेस्टरमध्ये गोरे लोक आता निम्म्याहून कमी उरल्याचे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेत आणि तुझ्या गल्लीत नेमके कोण राहते, असे विचारलेत. शाळा सांभाळून जनगणनेच्या कामावर वाड्यावस्त्या पालथ्या घातलेल्या माणसाचे ‘निम्म्याहून कमी’ एवढ्या उत्तराने समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

बातमी खरी आहे. इथली शेवटची जनगणना २१ मार्च २०२१ रोजी झाली. तीनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ६८ हजार ६०० असून त्यात स्वतःला गोरे म्हणवणारे ४०.९ टक्के, तर आशियाई म्हणवणारे ४३.४ टक्के आहेत. दहा वर्षांपूर्वी गोरे ५०.५ टक्के होते. धर्माच्या प्रश्नाचे उत्तर देणे इथे ऐच्छिक आहे. शहराच्या एकूण लोकसंख्येत ख्रिस्ती २४.७ टक्के, मुस्लिम २३.५ टक्के, कोणताही धर्म नाही असे सांगणारे २३ टक्के आणि हिंदू १७.९ टक्के भरले. थोडक्यात, या शहरात आता कोणताही एक समाज बहुसंख्य नाही. तुमच्यासारखा प्रगणक ओट्यावर बसून, चहा घेत घरच्यांची नावे लिहून घेतो, तसे इथे होत नाही. प्रत्येक कुटुंब आपला अर्ज आपणच भरते, तोही बहुतेक वेळा संगणकावर किंवा फोनवर, आणि आपण कोणत्या वंशाचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

आता ज्या आकड्यापाशी तुम्ही नक्की थांबाल, तो सांगते. शहरात भारतीय वंशाचे लोक ३४.३ टक्के आहेत. परंतु भारतात जन्मलेले केवळ १६.२ टक्के आहेत. म्हणजे ‘भारतीय’ या चौकटीत खूण करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचा जन्म भारताबाहेर झालेला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा एकच समाज वाटतो. मी ज्या बेलग्रेव्ह भागात राहते, तिथे मात्र एकाच घराच्या दोन मजल्यांवर किती निराळे इतिहास नांदतात, हे रोज दिसते.

बेलग्रेव्ह ही मूळची इंग्रज कामगारांची वस्ती. होजिअरीच्या आणि बुटांच्या कारखान्यांतल्या लोकांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली लाल विटांची, भिंतीला भिंत लागून असलेली ही घरे. दार उघडले की पाऊल थेट पदपथावर पडते. पुढे त्यांतली बरीच इंग्रज कुटुंबे बाहेरच्या नव्या वसाहतींत गेली आणि घरे स्वस्त झाली, पण कारखाने चालूच होते. त्याच सुमारास, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, केनियातून गुजराती कुटुंबे येऊ लागली. त्यांचे आजे-पणजे सौराष्ट्र, कच्छ आणि चरोतरातून पूर्व आफ्रिकेत गेलेले; त्यामुळे भारतातून इंग्लंडला आलेल्या माणसासारखा यांचा प्रवास नव्हता. शहरी वस्ती, दुकानदारी, इंग्रजी शाळा हे सारे त्यांना आधीपासून सवयीचे होते.

मग १९७२चा ऑगस्ट आला आणि युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले. सुमारे २७ हजार लोक ब्रिटनमध्ये उतरले. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली की, तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. इथे घरे नाहीत, शाळांत जागा नाहीत, सेवांवर ताण आहे. तरीही लोक आलेच, कारण त्यांचे नातेवाईक इथे होते आणि पुरुषांबरोबर बायकांनाही काम मिळत होते. आज त्याच नगरपालिकेच्या खर्चाने बेलग्रेव्ह रोडवर दरवर्षी दिवाळीची रोषणाई होते; ही प्रथा १९८३ पासूनची आहे. त्या रस्त्याला सगळे ‘गोल्डन माइल’ म्हणतात. सोन्याची दुकाने, साड्यांचे शोरूम, फरसाणवाले, आणि भेळपुरीच्या शेजारी मोगो, म्हणजे तळलेला कसावाचा कंद, मीठ-तिखट-लिंबू लावून. आफ्रिकेतून आलेला हा पदार्थ इथे इतका घरचा झाला आहे, की गुजरातहून थेट आलेल्या माणसालाच तो काय असतो ते विचारावे लागते.

आमच्या घरमालकीणबाई युगांडातल्या जिंजा शहराच्या. लहानपणी आईवडिलांबरोबर विमानाने इथे उतरल्या, काही काळ लष्कराच्या रिकाम्या छावणीत काढला आणि मग या गल्लीत आल्या. त्यांच्या आईने होजिअरीच्या कारखान्यात ओव्हरलॉक मशिनवर जन्म काढला. जिंजात मात्र तिने घराबाहेर कधी नोकरी केली नव्हती. वडिलांचे तिथे दुकान होते, इथे ते पाळीवर यंत्रे पुसत असत. बाई हे सांगताना रडत नाहीत, पण वडिलांचा उल्लेख करताना ‘आमचे शेठ’ म्हणतात, आणि तो मान त्यांनी पन्नास वर्षे हट्टाने जपला आहे.

खालच्या मजल्यावर दीवचे जोडपे भाड्याने राहते. ही मंडळी इथे कशी आली, हे गोव्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना लगेच कळेल. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याबरोबर दमण आणि दीवही मुक्त झाले; परंतु पोर्तुगीज अमलात तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवता येते. ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत त्या पारपत्रावर इथे येऊन सरळ काम करता येत असे. गोवेकरांनी स्विंडन गाठले, दमण-दीवच्या पुष्कळांनी लेस्टर, कारण इथे गुजरातीवर निभावून नेता येते. २०२०च्या अखेरीस ती वाट बंद झाली. आधी आलेले राहिले. या जोडप्याचा जनगणनेचा अर्ज तुमच्यासमोर आला असता तर तुम्ही चष्मा काढून पुन्हा पाहिला असता: जन्म भारतात, पारपत्र पोर्तुगालचे, वंश भारतीय, मुख्य भाषा गुजराती. वरच्या मजल्यावरच्या अर्जात जन्म युगांडात, पारपत्र ब्रिटनचे, वंश भारतीय, मुख्य भाषा इंग्रजी. अहवालात दोन्ही कुटुंबे ‘भारतीय’ या एकाच रकान्यात गेली.

प्रत्यक्षात दोघांच्या जगण्यात फार अंतर आहे. घरमालकीणबाईंची मुले शिकून शहरालगतच्या ओडबीला बंगल्यात गेली. खालचा तरुण खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, त्याची बायको कपड्यांच्या शिवणखात्यात जाते, आणि इंग्रजी नीट येत नसल्यामुळे पगाराच्या चिठ्ठीत काय कापले गेले हे ती माझ्याकडून वाचून घेते. तिची मजुरी कायद्याच्या किमान दरापेक्षा कमी भरते, हे आम्ही दोघींनी मिळून हिशेब करून पाहिले आहे. भारतीय समाज या देशात किती पुढे गेला, अशी भाषणे ऐकते तेव्हा मला तिची ती चिठ्ठी आठवते आणि फार राग येतो. कारण सरासरीत ही बाई दिसतच नाही.

२०२२च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शहराच्या पूर्व भागात हिंदू आणि मुस्लिम तरुणांमध्ये तणाव झाला, फोनवर फिरणाऱ्या अफवांनी तो वाढवला. त्या वेळी जुन्या लोकांपैकीही काहींनी दमण-दीवकडच्या नवागतांकडे बोट दाखवले: यांना इथली रीत कळत नाही, एका घरात फार जण राहतात, मोठ्याने बोलतात. ज्यांच्या आईबापांना येऊ नका म्हणून जाहिरातीतून सांगितले गेले, त्यांच्या तोंडी ही भाषा शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी घरमालकीणबाईंना सांगितलेही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, आमच्या वेळीही हेच बोलत असत.

गल्लीत केवळ गुजरातीच आहेत असे समजू नका. पलीकडच्या सेंट मॅथ्यूज वसाहतीत सोमाली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांतली कित्येक आधी नेदरलँड्समध्ये राहून मग इथे आली, त्यामुळे त्यांची मोठी मुले डच बोलतात. कोपऱ्यावर एक इंग्रज आजोबा आहेत, इथेच जन्मलेले. आपली मराठी घरे मात्र विखुरलेली, बहुतेक रुग्णालयांत आणि संगणकाच्या नोकऱ्यांत.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती वयाची. १९७२ला ऐन तिशीत आलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींची शुश्रूषा करणे हेच माझे काम आहे. आमच्याकडच्या एक आजी आयुष्यभर कारखान्यात इंग्रजी बोलल्या, जनगणनेतही त्यांची मुख्य भाषा इंग्रजीच लिहिली गेली असणार; स्मृतिभ्रंश झाल्यापासून मात्र त्या इंग्रजीला प्रतिसादच देत नाहीत. मुंबईत शिकताना कानावर पडलेली माझी मोडकीतोडकी गुजराती ऐकली की घास घेतात. पुढच्या दहा वर्षांत गुजराती जाणणाऱ्या किती परिचारिका लागतील, हे ठरवणाऱ्यांनी मुख्य भाषेच्या रकान्यावर विसंबू नये, असे मी आमच्या वरिष्ठांना लिहून दिले आहे. तुमच्याकडे २०२७च्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार आहे. त्यातले रकाने कसे ठेवले आहेत ते कळले की मला अवश्य लिहा.

घरमालकीणबाई हे घर विकून मुलाकडे जाण्याचा विचार करत आहेत. खालच्या जोडप्याने दीवच्या आणखी दोन भावांना सोबत घेऊन किंमत विचारली आहे, आणि बाईंनी दलालाला अजून काही कळवलेले नाही.

आईला साष्टांग नमस्कार. तिच्या गुडघ्याचे पुढच्या पत्रात कळवा.

तुमची,
लेक