राजवाड्यासमोरच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात इंदूरच्या राजवाड्यासमोर एक पुणेकर सातही मजले एका फोटोत बसवायची खटपट करत होता आणि त्याचे वडील गुडघा दाबत उभे होते. आठवतंय? तुम्ही दुकानातलं स्टूल बाहेर आणून बाबांना बसवलंत आणि मला म्हणालात, "फोटो मग काढा हो. आधी दगड कुठं संपतो ते बघा."

तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. त्या सांध्यावर नजर ठरली, की वर सगळा सज्जे-झरोक्यांचा पसारा, आणि खाली लोखंडी खिळे ठोकलेला तो अवाढव्य दरवाजा.

मल्हारराव होळकरांनी १७४७च्या सुमारास काम काढलं, इतपत मला ठाऊक होतं. पण वाडा तीनदा जळला, हे तुमच्याकडून कळलं. १९०८ची आग तुम्ही एका वाक्यात संपवलीत. १८०१ची मात्र आवाज उतरवून सांगितलीत: यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, त्याचा सूड म्हणून शिंद्यांच्या बाजूच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून वाडा पेटवला. मराठ्यांचा वाडा मराठ्यांनीच जाळलेला! तिसरी आग १९८४च्या दंगलीतली. मागचा भाग गेला, दर्शनी भाग वाचला.

"मागं जाऊन या, यांना मी बघतो," असं तुम्ही म्हणाला नसतात तर मी दारातूनच परतलो असतो. मागचा वाडा विटा-चुन्यात, जुन्या पद्धतीनं पुन्हा बांधलाय. आमच्या शनिवारवाड्यात १८२८च्या आगीनंतर जोती नि तट उरले, त्यामुळे हे बघताना थोडा हेवाच वाटला. आत मल्हारी मार्तंडाचं देऊळ दिसलं आणि जेजुरी एकदम जवळ आली.

परत आलो तर बाबा पोहे खात रंगात आलेले. त्यांचं आजोळ नीरेकाठचं, होळकरांचं मूळ गाव होळही तिथलंच. तेवढ्या धाग्यावर तुम्हा दोघांचा दीड तास गेला होता. एरवी अनोळखी माणसाशी ते हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत.

त्या दिवशी तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे जाहीर पत्र. मनापासून आभार. पोह्यांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते माझ्याकडे लागू आहेत.

आपला,
फोटोवाला पुणेकर