रजा नाही, राजीनामा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, मी धडधाकट आहे. फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला. बाबा 'बरं' म्हणून फोन आईकडे देतात, आई लगेच 'आवाज का बसलाय' विचारते आणि मुद्दा राहूनच जातो. म्हणून कागद.

मी रजेवर नाही. राजीनामा दिलाय. सायबर सुरक्षेच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, फी भरली, वर्ग सुरू होऊन तीन आठवडेही झाले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात तर मी थांबले असते. खोटं बोलले त्याबद्दल हवं तेवढं रागवा, पण एकदाच काय ते रागवा.

बाबा, आता तुम्ही चष्मा काढून खिडकीबाहेर बघत बसाल आणि मनात म्हणाल, 'माझ्यामुळे.' तसं नाही. अगदीच तसं नाही असं लिहिलं तर तुम्हाला पटणार नाही, म्हणून खरं सांगते. तुम्हाला फोनवरून फसवलं त्या गुरुवारनंतर मी रात्र रात्र वाचत बसायचे ती रागानेच. राग कधी उतरला ते कळलं नाही, वाचन तेवढं राहिलं.

आई म्हणेल, नोकरी सांभाळून एखादा कोर्स नसता का झाला? केले ना, दोन केले. तिथे हत्यारं चालवायला शिकवतात. हे सॉफ्टवेअर उघडा, इथे दाबा, दोष सापडेल. वर्षभराने सॉफ्टवेअर बदलतं की पुन्हा पाटी कोरी. दोष मुळात का राहतो, हे मला हवं होतं. इथे पहिल्याच सत्रात गणित आहे, आणि तेही भागाकारातल्या बाकीचं! बाबा, पाढे म्हणवून घेताना तुम्ही म्हणायचात, 'उत्तर सगळेच लिहितात, बाकीकडे लक्ष दे.' 1977 सालची आरएसए, म्हणजे संदेशाला कुलूप लावायची पद्धत, त्या बाकीवरच उभी आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक (नेहमीच्यापेक्षा अगदी वेगळ्या तत्त्वावर चालणारा) बनला तर ती मोडेल, हे 1994 मध्ये पीटर शोर या गणितज्ञांनी दाखवून दिलं. तसा संगणक अजून बनलेला नाही, पण त्यालाही दाद न देणाऱ्या नव्या पद्धतींची पहिली तीन मानकं अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये जाहीरही केली. जुनी कुलपं बदलायचं काम आत्ता कुठे सुरू होतंय. अशा वेळी मी जुन्या कचेरीत तेच तक्ते भरत बसायचं का? (हे वाक्य जरा वकिली झालं, कळतंय मला.)

आणि आई, यात चोरून कुणाच्या संगणकात शिरणं वगैरे काही नाही. लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेला हात लावायचा नाही, हे पहिल्याच तासाला सही करून घेतलं. प्रयोगशाळेत तर पुराव्याची मूळ डिस्कसुद्धा उघडत नाहीत. तिची हुबेहूब प्रत काढायची, दोन्हींचे हॅश, म्हणजे एक प्रकारचे अंगठ्याचे ठसे, जुळवायचे आणि काम प्रतीवर करायचं. तुझ्या 'आधी हात धू, मग वही धर' पेक्षा कडक शिस्त आहे.

बाबा, एक गंमत सांगते. वर्गात कुणाला बोलले नाहीये. मागच्या आठवड्यात विभागाने चाचणी म्हणून आम्हाला एक खोटा मेल पाठवला, वेळापत्रक बदललंय असा. मी क्लिक केलं. सायबर सुरक्षा शिकणारी मी! घाई होती आणि मेल ओळखीचा वाटला, बस. ही फसवणारी माणसं आपल्या अकलेवर नाही, घाईवर आणि भीतीवर नेम धरतात. तेव्हा तुम्ही अनोळखी फोन घ्यायचं सोडलंत ते ठीक, पण ओळखीच्यांचेही घेत नाही, हे मला आवडलेलं नाही.

माझी काळजी करू नका. खोलीत सकाळचं ऊन येतं, गादी कडक आहे, म्हणजे पाठ खूश. जेवण वेळेवर होतं. बारानंतर जागत नाही. बरं, एकनंतर. साठवलेल्या पैशांत दोन वर्षं निघतात, हिशेब सोबत जोडलाय. तुमच्या ठेवी मोडायचा विषय काढायचा नाही.

आता माझं ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. आई, गुडघा दाखवून ये, 'पुढच्या महिन्यात' नको. फोनवर अपडेट आलं की 'नंतर' दाबायचं नाही. 2017 च्या मेमध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे संगणक अडवले, तेव्हा त्या दोषावरची दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते अडकले. कुणी कितीही गोड बोललं तरी स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायचं नाही, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. मलासुद्धा नाही.

पासवर्डच्या निळ्या वहीवरून मी तुम्हाला हसले होते, ते शब्द मागे घेते. दूर बसलेल्या चोराला आपल्या कपाटातली वही दिसत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वही बरी. फक्त ती फोनजवळ नको, कपाटातच ठेवा.

शेवटचं. हल्ली आवाजाचीही नक्कल होते. उद्या माझ्याच आवाजात कुणी रडून पैसे मागेल. आठवतं, शाळेत दुसरं कुणी घ्यायला आलं तर विचारायचा आपला परवलीचा शब्द? काकांना तो आठवेना आणि मी त्यांना फाटकाबाहेर तासभर उभं केलं होतं. काका अजून ऐकवतात. तसाच नवा शब्द ठरवू या. जुना नको, तो काकांनी गावभर केलाय. बाबा, तुम्हीच निवडा. पत्रात लिहू नका, फोनवर सांगू नका. सत्र संपलं की मी येतेच आहे, तेव्हा कानात सांगा.

तुमची लाडकी,
(आणि सध्या बेकार)