मुंबईच्या कातळाचे वय सांगताना

महोदय,

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलविषयी काही छापून आले की ‘६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा कातळ’ हे शब्द ठरलेलेच असतात. हा आकडा दख्खनच्या मुख्य लाव्हा-उद्रेकाचा आहे. मुंबईत मोजलेली वये त्याहून कमी आहेत. मनोरीच्या ट्रॅकाइट या फिकट रंगाच्या ज्वालामुखी खडकाचे वय अरगॉन पद्धतीने सव्वासहा कोटी वर्षांच्या आसपास भरते.

तीसेक लाख वर्षांनी काय बिघडते, असे कुणी विचारील. घाटावरचे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत, ते पनवेलपासून पश्चिमेला समुद्राकडे कलू लागतात. मनोरीचा खडकही तसाच कललेला असल्याने किनाऱ्याचे हे कलणे निदान काही अंशी तरी तो थिजल्यानंतरचे, असा निष्कर्ष निघतो. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांचा भूखंड भारतापासून विलग झाला तोही साधारण याच काळात, आणि पुढे खचत गेलेल्या या कडेवर गाळ साचून समुद्राखाली जे खोरे बनले, त्यातच १९७४ साली ‘मुंबई हाय’चे तेल सापडले. दगडाचे वय चुकले की हा सारा क्रमच विस्कटतो.

दगडातले पोटॅशियम-४० अतिशय सावकाश, निम्मे सरायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतील इतक्या गतीने, क्षय पावते आणि त्याचा काही भाग अरगॉन वायू होऊन स्फटिकात अडकून राहतो; तो मोजून वय काढतात. मात्र कुजलेल्या दगडातून तो निसटतो व वय फसवे येते. म्हणून ताजा दगड हवा, आणि तो या शहरात मिळतो मुख्यतः पायाच्या बोअरिंगमध्ये. मी बांधकाम अभियंता होतो. मालाडच्या एका कामावर, बोअरिंगमधून निघालेल्या दगडी कांड्यांच्या (कोअरच्या), रंगाने खोली लिहिलेल्या पेटीत, काळ्या बेसॉल्टला लागून हातभर फिकट पिवळसर ट्रॅकाइट निघाला होता, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीला वापरलेल्या मालाड दगडासारखा. अहवाल गेल्यावर तो भरावात टाकला गेला. मीही तेव्हा काही बोललो नाही.

मोठ्या बांधकामांना परवानगी देताना प्रत्येक प्रकारच्या खडकाचा एक तुकडा, ठिकाण व खोली नोंदवून, जपून ठेवण्याची अट पालिकेने घालावी. अरगॉन कालमापनाची सोय पवईच्या आयआयटीत आहेच. आणि माहितीफलकांवर वय लिहायचे तर मोजलेलेच लिहावे, शेजारी मोजणीत किती कमी-अधिक फरक संभवतो तेही द्यावे.

– एक वाचक, बोरिवली