ओजसच्या खोलीत ते यंत्र नको

एडमंटन, कॅनडा
१८ जानेवारी

सौ. वहिनींना सप्रेम नमस्कार,

तुमचा निरोप मिळाला, त्या ह्युमिडिफायरचा, म्हणजे हवेत ओलावा सोडणाऱ्या यंत्राचा, फोटोही पाहिला. दादा मागवायच्या तयारीत आहे हे कळलं, म्हणून फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवते. आईलाही वाचून दाखवा, कारण मला वाटतं खरा आग्रह तिचाच आहे.

ओजसला खोकला आहे, रात्री छातीत घरघर होते, आणि आमच्या नीरजाच्या खोलीत तसलंच यंत्र चालू असलेलं तुम्हाला व्हिडिओ कॉलवर दिसतं. मग आपणही घ्यावं असं वाटणं साहजिक आहे. पण घेऊ नका.

इथे ते का लागतं ते आधी सांगते. बाहेर सध्या उणे वीसच्या खालीच आहे. इतक्या थंड हवेत पाण्याची वाफ मावतच नाही, एका घनमीटरला जेमतेम एक ग्रॅम. तीच हवा घरात येते आणि तळघरातली भट्टी तिला २१ अंशांपर्यंत तापवते. आता तिच्यात अठराएक ग्रॅम मावू शकतं, पण असतो तो एकच ग्रॅम. म्हणजे आर्द्रता पाच-सहा टक्के. आमचे श्वास, अंघोळी, कुकरच्या शिट्ट्या यांनी ती थोडी वर येते इतकंच. दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, नीरजाचं नाक सकाळी रक्ताळलेलं असतं, आणि ह्यांचा तबला तर हिवाळाभर चढलेलाच असतो, पुडी इतकी ताणते की स्वरात आणता आणता पेटीवाला कंटाळून जातो.

आणि डोंबिवली? जुलैत कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, पापडाचा डबा उघडा राहिला तर तासाभरात पापड वातड. ओजसच्या खोलीच्या मागच्या भिंतीचे पोपडे मी स्वतः पाहिलेत. त्या खोलीत रात्रभर आणखी पाणी सोडायचं?

दादा म्हणेल, एसीने हवा कोरडी होते. होते, खरं आहे, ते नळीतून बादलीत पडणारं पाणी हवेतलंच असतं. पण तुमच्या हवेतून थोडं पाणी गेलं तर बिघडत काही नाही. घरात ३० ते ५० टक्के आर्द्रता असावी असं इथले लोक धरून चालतात. साठच्या वर गेली की बुरशीला रान मोकळं. आणि डस्ट माइट म्हणतात ते डोळ्यांना न दिसणारे किडे, ज्यांच्यामुळे कित्येक मुलांचा दमा उसळतो, ते पाणी पीतच नाहीत, हवेतला ओलावाच शोषून घेतात. पन्नासच्या पुढे ते गादी-उशीत सुखाने वाढतात. म्हणजे ज्या मुलाला घरघर आहे त्याच्याच उशाशी आपण त्यांची सोय करून ठेवायची! यंत्राऐवजी आर्द्रता दाखवणारं एक छोटं मीटर घ्या, काही शे रुपयांत येतं. आठवडाभर ओजसच्या खोलीत ठेवा, पहाटेचे आणि दुपारचे आकडे लिहून मला पाठवा. आकडा सतत तिशीच्या खाली दिसला तर मी माझे शब्द मागे घेईन.

तुमच्या शेजारच्या काकू म्हणतात की नेब्युलायझर आणि हे एकच. मुळीच नाही. नेब्युलायझरमध्ये डॉक्टरांनी दिलेलं औषध असतं, त्याचे बारीक कण मास्कमधून थेट श्वासात जातात. ह्युमिडिफायरमध्ये नुसतं पाणी. औषधाचं काम ते करत नाही, हवा गाळत नाही, धूळ-धूर काही काढत नाही. ते काम प्युरिफायरचं. त्याने सर्दी लवकर बरी होते हेही खरं नाही. कोरड्या घरात नाका-घशाला बरं वाटतं, बस्स. तेव्हा ओजसचं नेब्युलायझेशन डॉक्टरांनी सांगितलंय तसंच चालू ठेवा, त्यात खंड नको.

आईचं म्हणणं मला माहीत आहे: आम्ही तुम्हाला वाफारे देऊनच वाढवलं. आई, त्या फोटोतल्या यंत्रातून येतं ती वाफ नाहीच. आत एक चकती थरथरते आणि पाण्याचे थंड तुषार उडवते, त्यालाच लोक वाफ समजतात. धूर जितका दाट तितका गुण, असंही काही नसतं. आमच्याकडच्या यंत्रातून तर काहीच दिसत नाही, आत ओली वात आणि पंखा असतो, आणि तरी ते टाकीभर पाणी रात्रीत संपवतं. त्यात निलगिरीचं तेल किंवा बाम तर अजिबात घालू नकोस, प्लास्टिक चिरतं आणि कापूर असलेलं काहीही तान्ह्या-लहानग्यांच्या श्वासात जाणं धोक्याचं. गरम वाफेचं यंत्रही नको. इथले मुलांचे डॉक्टर त्याला सरळ नाही म्हणतात, कारण पोरं ते ओढतात आणि भाजतात. आपल्याकडे वाफाऱ्याच्या पातेल्यानेही तेच होतं.

आता पाण्याचं. तुषारवाल्या यंत्रात नळाचं किंवा टँकरचं पाणी घातलं की त्यातले क्षारही हवेत उडतात आणि सकाळी टीव्हीवर, टेबलावर पांढरी भुकटी बसलेली असते. पाणी उकळून घातलं तर चालेल असं तुम्ही विचारलंत. उकळल्याने जंतू मरतात, पण सगळे क्षार काही जात नाहीत. डिस्टिल्ड पाणीच लागतं, फार तर आरओचं. शिवाय टाकी रोज ओतून टाकायची, पुसून कोरडी करायची, दर दोन-तीन दिवसांनी नीट घासायची. साचलेल्या पाण्यात जंतू आणि बुरशी वाढतात आणि यंत्र ते इमानदारीने खोलीभर पसरवतं. त्याने माणसांना ताप येतो, फुप्फुसांना सूज येते. मला हे रोजचं करताना जीव नकोसा होतो, आणि तुम्हाला तर ऑफिस, लोकल, पोराचा अभ्यास.

घासायचा कंटाळा म्हणून पाण्यातच जंतुनाशक टाकणाऱ्यांचं काय झालं तेही सांगते. दक्षिण कोरियात १९९४ पासून खास ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं दुकानात मिळत होती. घरोघरी आया भरवशाने वापरत होत्या. २०११ मध्ये गरोदर बायका, बाळंतिणी आणि लहान मुलं फुप्फुसं निकामी होऊन दवाखान्यात येऊ लागली, तेव्हा कुठे छडा लागला. भांडं धुवायला जे चालतं तेच तुषारांबरोबर श्वासात गेलं होतं. शेकडो माणसं गेली. खटले कितीतरी वर्षं चालले.

इथेसुद्धा जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. समोरच्या घरातल्या बाई आकडा हट्टाने पन्नासवर ठेवायच्या. उणे तीसला त्यांच्या खिडकीच्या काचेवर आतून बोटभर बर्फ साठला, पडदा त्याला चिकटला, आणि ऊन आल्यावर ते सगळं पाणी चौकटीच्या लाकडात मुरलं. आता तिथे काळी बुरशी आहे आणि सुतार बोलवायचा आहे. इतकी थंडी पडली की मी वीस-पंचवीसच्या वर जाऊच देत नाही. काचेच्या खालच्या कडेला घाम दिसला की बटण बंद.

नागपूरच्या आत्याला हे सगळं सांगा, तिला मजा वाटेल. तिचा वाळ्याचा कूलर म्हणजे आमच्याकडचंच ओली वात आणि पंख्याचं यंत्र, नुसतं मोठं. आणि मेमधल्या तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचा खराच उपयोग होतो. फक्त तिलाही सांगा, टाकीतलं पाणी बदलत जा, त्या कुबट वासाचं कारण तेच आहे.

तुमच्याकडे करण्यासारखं आहे ते साधं आहे. गाद्या-उशांना ऊन दाखवा, चादरी गरम पाण्यात धुवा, ओले कपडे ओजसच्या खोलीत वाळत घालू नका, आणि त्या भिंतीची गळती सोसायटीकडून एकदाची काढून घ्या. घरघर कमी झाली नाही तर बाळाच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा, अंगावर काढू नका.

आईला नमस्कार, ओजसला गोड पापा. दादाने ऑर्डर दिली असलीच तर खोकं न फोडता परत पाठवा म्हणावं.

तुमची,
मीनल